शेंडा खुडल्याशिवाय पान भरत नाही



गेल्या उपवासकाळातील एका रविवारची गोष्ट. प्रवचनात मी आत्मसंयमावर बोललो आणि बोलता बोलता तंबाखूवर आलो. मिस्सा आटोपल्यावर नेहमीप्रमाणे दाराशी उभा होतो. मंडळी नमस्कार करून पायऱ्या उतरत होती. तेवढ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध शेतकरी आजोबा जवळ आले. हातात चंची होती, पण भिडेखातर ती अजून उघडलेली नव्हती. ते म्हणाले, "फादर, एक इचारू? तंबाखू पिकीवल्याली देवाला चालती, वखारीत इकल्याली चालती, तिच्या पैशातनं देवळाला दिल्यालं दानबी चालतंय. मग खाल्ल्याली तेवढी का चालत न्हाई?"

भोवतालची मंडळी हसली. मीही हसलो आणि काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. आजोबांनी थट्टा केली नव्हती. त्यांनी मला एवढेच विचारले होते, की तुमचा हा संयम फक्त आमच्या तोंडापुरता आहे, की तो शेतात, बाजारात आणि देवळातही लागू होतो? या पानावर आपण दर वेळी शेती आणि आरोग्य यांविषयी बोलतो. आज त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

प्रश्न आपल्याच मातीतला

निपाणीच्या माणसाला तंबाखूबद्दल काही शिकवायला जाणे म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवणे. तरू टाकण्यापासून वखारीत माल घालेपर्यंत या पिकाने आपल्या कितीतरी घरांचे वर्षाचे वेळापत्रक ठरवले. त्यावर मुलींची लग्ने झाली, मुलांच्या फिया भरल्या गेल्या, विहिरी खोदल्या गेल्या. आणि याच पिकाने अनेकांना सावकाराच्या दारातही उभे केले.

१९८१ साल आठवा. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून पुणे-बंगलोर रस्ता अडवला. १४ मार्चला माणसे रस्त्यावर बसली, ती ६ एप्रिलपर्यंत उठली नाहीत. त्या दिवशी गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. माझ्या पिढीने हे सारे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले. पण एक गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली. त्या वर्षी राखेचा बुधवार ४ मार्चला होता आणि पुनरुत्थानाचा सण १९ एप्रिलला. म्हणजे ते सगळे आंदोलन उपवासकाळातच पार पडले. चैत्राच्या तोंडावरचे ऊन, उघडा रस्ता, घरी गुरे आणि लेकरे, आणि तरीही तीन आठवड्यांहून अधिक काळ हजारो माणसे जागची हलली नाहीत. याला शिस्त म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

आणि शिस्त केवळ पुरुषांचीच होती असे नाही. तंबाखूच्या वखारींत दिवसभर धुळीत काम करणाऱ्या निपाणीच्या बायका त्याच सुमारास संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर १९८२ साली एक माहितीपटही निघाला. घरचा स्वयंपाक, लेकरांचे आजारपण आणि हातावरचे पोट सांभाळून त्या लढल्या.

हे मी एवढ्यासाठी सांगतो, की आपल्या लोकांत संयम नाही, असे मी कदापि मानत नाही. ज्या हातांनी रस्ता सोडला नाही, ज्या हातांनी दुष्काळात बियाण्याची पोती पोट मारून राखून ठेवली, त्या हातांना संयम शिकवणारा मी कोण? माझे म्हणणे एवढेच, की संकटात दाखवलेला संयम आपण रोजच्या वागण्यात उतरवत नाही. मोठ्या लढाईत जिंकतो आणि चिमूटभर चुन्यापुढे हरतो.

खुडणी

या गोष्टीला आपल्याच शेतात एक सुंदर धडा आहे. तंबाखूचे झाड कळीवर आले की आपण काय करतो? शेंडा खुडतो. ज्याने कधी हे पीक पाहिले नाही त्याला वाटेल, काय हा वेडेपणा! झाड जोमात आहे, फुलावर आले आहे, आणि हा त्याचा तुराच मोडतो. पण शेतकऱ्याला ठाऊक असते, की फूल राहिले तर झाडाची सारी ताकद बी भरण्यात जाईल आणि पाने पातळ राहतील. शेंडा गेला की तीच ताकद पानांत उतरते. पान रुंद होते, जाड होते, वजनाला भरते.

फूल वाईट असते का? मुळीच नाही. बियाण्यासाठी राखलेल्या झाडाचे फूल आपण जपतोच. पण या झाडाकडून पान हवे आहे, म्हणून फूल सोडायचे. आत्मसंयमाचा अर्थ याहून वेगळा नाही. जे सोडायचे ते प्रत्येक वेळी घाणेरडे असते असे नव्हे. ज्यासाठी आपण लावले गेलो आहोत, त्याच्याकडे ताकद वळवण्यासाठी ते सोडायचे.

सेमिनरीत आम्हाला चार मुख्य सद्गुण शिकवले जात: विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. संत थॉमस अक्विनास यांची शिकवण अशी, की सद्गुण म्हणजे एखाद्या दिवशी केलेले चांगले काम नव्हे, तर मनात मुरलेली सवय. एकदा शेंडा खुडला म्हणजे कोणी कसलेला शेतकरी होत नाही. हाताला ती सवय लागावी लागते. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याची फळे मोजली आहेत. त्यांत प्रीती पहिली येते आणि इंद्रियदमन अगदी शेवटी. मला वाटते, शेवटी येते ते कमी महत्त्वाचे म्हणून नव्हे. शेताला बांध जसा कडेला असतो, तसे ते बाकीच्या सगळ्या फळांना कडेने धरून असते. बांध फुटला की माती वाहून जाते, मग वर काहीही पेरा.

आणि ख्रिस्ती संयम म्हणजे जगाचा तिटकारा नव्हे. आपला प्रभू काना गावच्या लग्नाला गेला होता. लोकांच्या पंक्तीला बसून जेवत होता, इतका की त्याचे विरोधक त्याला खादाड म्हणू लागले. पण त्याच प्रभूने अरण्यात चाळीस दिवस भूक सोसली. आणि वधस्तंभापाशी वेदना बधिर करणारा बोळ मिसळलेला द्राक्षारस पुढे केला गेला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. लग्नात द्राक्षारस देणारा आणि कालवरीवर तो नाकारणारा प्रभू एकच. केव्हा घ्यायचे आणि केव्हा नको म्हणायचे, हे त्याच्या स्वाधीन होते. द्राक्षारसाच्या स्वाधीन तो नव्हता. संयम म्हणतात तो हाच.

बगलेतले फुटवे

शेंडा खुडून शेतकरी घरी जाऊन झोपला तर काय होते? आठ-दहा दिवसांत प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवे निघतात. वरची वाट बंद झाली म्हणून झाड बाजूने वाट काढते. ते फुटवे पुन्हा पुन्हा काढावे लागतात, नाहीतर खुडणीची मेहनत फुकट. माणसाच्या मनाचेही तसेच आहे.

कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सरकारने अरॅक बंद केली. गावोगावच्या बायकांनी आनंद मानला, आणि तो रास्तच होता. पण किती घरांत दारू खरोखर थांबली? पुष्कळांनी पिशवी सोडली आणि बाटली धरली, फक्त खर्च वाढला. गुटख्याचेही तेच. महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली, कर्नाटकाने २०१३ साली. आपण तर हद्दीवरची माणसे. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवून तपासताना आपण पुष्कळदा पाहिल्या आहेत. कायदा हवाच, त्याशिवाय पोरांच्या हाती विष स्वस्तात पडेल. पण ओठांच्या नाक्यावर कोणते सरकार पोलीस उभा करणार? तिथला पहारा ज्याचा त्यानेच द्यायचा असतो.

माझाच एक फुटवा सांगतो. घरभेटीला निघालो की प्रत्येक घरी चहा. नको म्हटले की घरच्या माउलीला वाईट वाटते. "आमच्या घरचा चहा चालत नाही होय फादर?" दिवसाला दहा-बारा कप, आणि आपल्याकडचा चहा म्हणजे काढ्यात साखर नव्हे, साखरेत काढा. वरून बेळगावहून कोणी आले की कुंदा असायचाच. मी मनाशी म्हणत असे, मी तंबाखू खात नाही, दारूला शिवत नाही, मला कसले व्यसन? चाळिशी ओलांडल्यावर रक्त तपासले. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि एवढेच म्हणाले, "फादर, शुक्रवारी मांस सोडता, साखर कधी सोडणार?" मला लाज वाटली. वर्षानुवर्षे शुक्रवार पाळले, पण जीभ मोकळीच होती. उपवासाच्या दिवशीसुद्धा चहात साखर दुप्पट घालून मी भूक भागवत होतो!

म्हणून आजोबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे, की संयम फक्त तंबाखू खाणाऱ्याला सांगायचा नाही. तो आधी सांगणाऱ्याने पाळायचा.

उसाची हाव

आता शेताकडे वळू. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील पुष्कळ शेतकऱ्यांनी तंबाखू कमी केली आणि ऊस, सोयाबीन धरले. काहींनी मला अभिमानाने सांगितले, "फादर, तंबाखू सोडली!" मी अभिनंदन केले. पण त्याच शेतात गेल्यावर उसाच्या सरीत घोटा बुडेल इतके पाणी दिसले. मोटारीला ऑटो स्टार्टर. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू, मालक गाढ झोपेत, पाणी पहाटेपर्यंत वाहते. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला विजेचे बिल नाही, मग कशाला उठायचे?

पण बिल येतेच, ते जमीन पाठवते. पिकाच्या मुळांनाही हवा लागते. सरीत पाणी साचून राहिले की मुळांचा श्वास कोंडतो आणि पाणी असूनही ऊस पिवळा पडतो. काळ्या भारी जमिनीत निचरा कमी असतो. जास्तीचे पाणी खालचे क्षार घेऊन वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. पांढरा थर दिसू लागला की समजावे, जमीन मीठ फुटू लागली. कृष्णाकाठच्या गावांत अशा चोपण झालेल्या जमिनी पाहून या. एके काळी तिथे एकरी विक्रमी ऊस निघत होता. आता तिथे गवतही धड उगवत नाही. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठी राहणाऱ्या आपण ते पाहून शहाणे झाले पाहिजे.

युरियाचेही तसेच. नत्र हवेच, पण हप्त्याहप्त्याने. एकदम आणि जास्त दिले की ऊस हिरवागार दिसतो, मग लुसलुशीत होऊन लोळतो, किडीला आमंत्रण देतो आणि साखरेचा उतारा घटतो. आपल्या वाडवडिलांनी एक म्हण करून ठेवली आहे, की ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. आपण ती पोरांना सांगतो आणि स्वतः जमीन मुळासकट खातो!

ठिबक सिंचनाने उसाला लागणारे पाणी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाचू शकते, हे आता सर्वांना माहीत आहे. ज्याला ठिबक परवडत नाही त्याने निदान एवढे करावे: पाळी देण्याआधी हाताने माती उकरून ओल पाहावी, एक सरी सोडून एक सरी पाणी द्यावे, निचऱ्याचे चर मोकळे ठेवावेत आणि रात्रीच्या पाण्याला जातीने हजर राहावे. ज्याला स्वतःच्या शेतात पुरे म्हणता येते, त्याला ताटावरही पुरे म्हणता येते. आणि खालच्या शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी वाचवणे हा नुसता काटकसरीचा भाग नव्हे, तो न्यायाचा भाग आहे. चार सद्गुण मी वर सांगितले, ते असे एकमेकांचा हात धरून चालतात.

खुडलेल्या पानाचा तिखटपणा

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. खुडणीने पान भरते हे खरे, पण त्याबरोबर पानाचा तिखटपणाही वाढतो, हे शेतकरी जाणतो. इथे मात्र आपण झाडाच्या मागे जायचे नाही.

काही माणसे उपवास करतात आणि घरादाराला वेठीस धरतात. नवऱ्याने तंबाखू सोडली की बायकोने पातेले जरा जोरात ठेवले तरी भांडण. सासूबाईंचा शुक्रवार असला की सुनेने श्वासही जपून घ्यायचा. काही जण दारू सोडतात आणि मग न सोडणाऱ्यांना तुच्छ लेखतात. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात उदास चेहरा करून उपवास मिरवणाऱ्यांविषयी काय सांगितले, ते मत्तयच्या सहाव्या अध्यायात वाचा. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असा त्याचा साधा उपदेश आहे. जो संयम माणसाला कडू करतो तो सद्गुण नव्हे, तो अहंकाराचाच एक फुटवा. आपण खुडून घेतो ते प्रीती भरावी म्हणून. घरात गोडवा वाढला नाही, तर आपली खुडणी कुठेतरी चुकली.

मात्र शरीराचा धर्मही समजून घ्या. तंबाखूतील निकोटिनची सवय रक्तात भिनलेली असते. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. डोके दुखते, झोप लागत नाही, चिडचिड होते. दोन ते चार आठवड्यांत हे हळूहळू ओसरते. म्हणून सोडणाऱ्याने घरच्यांना आधी सांगावे, आणि घरच्यांनी तेवढे दिवस दोन शब्द पोटात घालावेत. एकाने तंबाखू सोडायची आणि बाकीच्यांनी राग सोडायचा. असा उपवास सगळ्या घराने मिळून करायचा असतो.

माउलींनाही एक शब्द. मिसरीला आपण व्यसन मानत नाही, दात घासणे म्हणतो. पण भाजलेली तंबाखूही तंबाखूच. दिवसातून चार-चार वेळा दात घासावेसे वाटतात, ते दातांसाठी नव्हे. गरोदरपणी मिसरी लावल्याने बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. पोटातल्या जिवाला कोणी विचारत नाही, तुला हवी का म्हणून.

मग पिकवायची की नाही?

आजोबांचा प्रश्न मी टाळणार नाही. देवळातील दानाची पेटी आणि तंबाखूचा पैसा, हे खरोखर अवघड प्रकरण आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी २८.६ टक्के माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. भारतातील पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक तोंडाचा आहे. हा माल आपल्याच शेतातून जातो, हे आपण नाकारू शकत नाही. पण ज्याच्याकडे दीड एकर कोरडवाहू जमीन आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याला दुसरे पीक हमखास पैसा देत नाही, त्याला वेदीवरून पापी ठरवणे मला मान्य नाही. तशी शिक्षा देणे सोपे आहे, कारण हप्ता मला भरायचा नसतो.

मग धर्मसभेने स्वतः काय केले? व्हॅटिकनमध्ये कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना सवलतीच्या दरात सिगारेट विकली जात असे. त्यातून चांगले उत्पन्न मिळे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने जाहीर झाले, की २०१८ पासून ही विक्री बंद. कारण साधे होते: ज्याने माणसाचे आरोग्य बिघडते, त्याला हातभार लावून धर्मसभेने पैसा मिळवू नये. विकणे कायद्याने बंद नव्हते. उत्पन्न होते, आणि ते सोडले. खिशाची खुडणी म्हणतात ती ही.

माझे मत असे आहे. ज्याला शक्य आहे त्याने दर वर्षी थोडी थोडी तंबाखू कमी करावी. अर्धा एकर भुईमूग, अर्धा एकर सोयाबीन, थोडा भाजीपाला, दारात दोन दुभती जनावरे. एकदम सगळे मोडू नये, नाहीतर पुढच्या वर्षी दुप्पट कर्ज काढून पुन्हा तिथेच यावे लागते. आणि जोवर हे पीक घरात आहे, तोवर ओल्या पानांत काम करणाऱ्यांची काळजी घ्यावी. पहाटेच्या दवात हिरवी पाने हाताळली की निकोटिन कातडीतून अंगात शिरते. मळमळ, चक्कर, उलटी होते. दव उडाल्यावर काम सुरू करावे, पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे वापरावेत, आणि लहान मुले व गरोदर बायका यांना त्या कामाला लावू नये. मजुराच्या आरोग्यापेक्षा तासभर काम लवकर उरकण्याची घाई मोठी वाटते, तेव्हा तीही असंयमच.

काय करावे

नुसता उपदेश हवेत विरतो. म्हणून चार गोष्टी हाताशी देतो.

पहिली. एका वेळी एकच फुटवा धरा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत एक सोपी रीत सांगितली आहे. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच निश्चय करायचा, दुपारी आणि रात्री हिशेब घ्यायचा. जितक्या वेळा घसरलो तितक्या खुणा ओळीवर मांडायच्या. सात दिवसांच्या ओळी. आजच्या खुणा कालपेक्षा कमी झाल्या का, एवढेच पाहायचे. आपण दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवतो ना? त्याच कॅलेंडरवर हाही ठेवा.

दुसरी. मुदत लहान ठेवा. डब्लिन शहरातील मॅट टॅलबट हा हमाली करणारा मजूर पोरवयापासून दारूत बुडाला होता. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने न पिण्याची शपथ घेतली, ती फक्त तीन महिन्यांची! पुढे ती वाढवली आणि मग जन्मभराची केली. दारूच्या दुकानावरून जावे लागे म्हणून तो खिशात पैसे ठेवत नसे. १९२५ साली मरेपर्यंत त्याने थेंबही घेतला नाही. १९७५ साली धर्मसभेने त्याला 'पूजनीय' ही पदवी दिली. जन्मभराचे ओझे एकदम उचलू नका. आजचा दिवस, मग हा आठवडा, मग उपवासकाळ. आणि चंची घरी ठेवून शेतात जा. तलफ बहुधा काही मिनिटांची असते. तेवढ्यात घोटभर पाणी प्या, बडीशेप चघळा, बांधावर एक फेरी मारा, एक 'हे आमच्या बापा' म्हणा.

तिसरी. एकटे लढू नका. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा आहे. जो रोज भरपूर दारू पितो त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. थरकाप, भ्रम, झटके असा धोका असतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काही दिसले तर लाजू नका, तडक दवाखाना गाठा.

चौथी. उपवासाचे नियम समजून पाळा. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या माणसांना लागू आहेत. आजारी, गरोदर किंवा साखरेच्या गोळ्या-इंजेक्शन घेणाऱ्या माणसाने उपाशी राहून स्वतःला धोक्यात घालावे असे धर्मसभा सांगत नाही. त्यांनी दुसरे काही सोडावे. जीभ आवरावी, टीव्ही-मोबाइल आवरावा, एखादे जुने भांडण मिटवावे. आणि सोडलेल्याचा पैसा दुसऱ्याच्या कामी लावावा. रोज वीस रुपये तंबाखूवर जात असतील तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. एका मुलाच्या वह्या-पुस्तकांची काळजी त्यात मिटते.

येत्या राखेच्या बुधवारी देवळाच्या ओसरीवर एक साधा फळा टांगणार आहे. त्यावर कोणाचेही नाव नसेल. ज्याने त्या आठवड्यात आपला एक फुटवा खुडला, त्याने जाता-येता खडूची एक रेघ ओढावी. पहिली रेघ माझी असेल, बिनसाखरेच्या चहाची. घरभेटीला आलो की माउलींनो, मला मदत करा. कप पुढे कराल तेव्हा साखरेचा डबा मागेच ठेवा.

आणि मध्येच कोणी घसरला तर? घसरेल. मीही घसरलो आहे. फुटवा पुन्हा आला म्हणून कोणी शेतकरी झाड उपटत नाही, पुन्हा वाकतो आणि पुन्हा खुडतो. पापनिवेदनाचे दार याचसाठी उघडे आहे.

आजोबांना माझी नम्र विनंती आहे. चंची फेकून द्या असे मी म्हणत नाही. फक्त त्या बुधवारी ती घरी ठेवून या आणि ओसरीवर माझ्याशेजारी उभे राहा. तुमच्या प्रश्नाने मला खुडले, आता आपण दोघे मिळून ओळ धरू.

प्रभू आपल्या शेतांना, घरांना आणि मनांना योग्य तेवढी ओल देवो.

आपला,
धर्मगुरू